मुठीवरून माणूस

समोरच्या गड्याने डावात किती टाकलं, एवढ्यावरून त्याच्या हातात कोणती पानं आहेत, यंदा त्याच्या विहिरीला पाणी किती आहे आणि सकाळी बायको त्याला काय बोलली, हे सगळं सांगणारा माणूस अख्ख्या खानदेशात एकच होऊन गेला, आणि तो आमच्या घरचा जावई होता. आमचे फुवा. फुवा म्हणजे फुईचा नवरा, आणि फुई म्हणजे वडिलांची बहीण; तुमच्याकडे तिला आत्या म्हणत असतील. फुवांचं गाव साक्रीकडचं, आमचं अमळनेर तालुक्यातलं. कोरडवाहू कापूस, थोडा भुईमूग, एक बैलजोडी आणि कोणी न मागितलेली मतं, एवढी त्यांची इस्टेट. शाळेत ते तिसरीपर्यंत गेले. चौथीत का गेले नाहीत असं विचारलं तर म्हणत, "मास्तर छडी उचले तव्हयच मले कयी जाये, का उत्तर त्यालेबी येत नही. मंग बठीसन काय करू?" आमच्या अहिराणीत 'ळ'चा 'य' होतो; 'कयी जाये' म्हणजे कळून जाई.

मी आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. हे मी कुठेही लिहायला बसलो की आधी सांगून टाकतो, कारण ती पदवी मला कोणाच्या ओळखीने मिळालेली नाही. धुळ्याच्या वसतिगृहातल्या पातळ आमटीवर मिळाली आहे. तेव्हा उगीच कोणाला थोर म्हणायची मला सवय नाही. फुवांची विद्या काही पुरती खरी होती असं नाही. दहातली सहा-सात वेळा ती लागू पडे आणि उरलेल्या वेळी फुवा जेवत नसत. पण त्या विद्येच्या पायी आमच्या घरात एकदा जो प्रसंग आला, तो आठवला की आजही मी आधी हुश्श करतो आणि मग हसतो.

आखाजीशिवाय फुवा समजायचे नाहीत. अक्षय तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो, आणि तिच्यापुढे आमच्याकडे दिवाळीसुद्धा धाकटी. सासरी गेलेल्या मुली माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, गाणी म्हणतात, सांजोऱ्या खातात, आणि ते दिवस त्यांना "ऊठ, चूल पेटव" असं कोणी म्हणत नाही. पुरुषांना तेव्हा वेगळी सूट असते, ती पत्त्यांची. मुलाच्या हातात पत्ता दिसला तर वर्षभर जो बाप पायातलं काढतो, तोच आखाजीला ओट्यावर सतरंजी अंथरून त्याला "बठ रे" म्हणतो. जावयाने मात्र या सणाला येऊ नये असा रिवाज; तो मागाहून बायकोला न्यायला येतो. फुवा फुईची पिशवी खांद्याला लावून तिच्याबरोबरच एसटीतून उतरत. फुई चिडून म्हणे, "मनं माहेर शे ते, तुम्हनं नही." फुवा म्हणत, "मी कथा तुना माहेरले जाई राह्यनू? मी डावले जाई राह्यनू."

डाव तीन पत्तीचा. प्रत्येकाला तीन पानं. पटलं तर चाल टाकायची, नाही पटलं तर पानं उपडी ठेवून बाजूला व्हायचं. शेवटी दोघेच उरले की एकाने दुप्पट चाल टाकून "दाखव" म्हणायचं, आणि ज्याची पानं भारी त्याची सगळी रास. इतर लोक हा खेळ जिंकायला खेळतात. फुवा ओळखायला खेळत. समोरच्याकडे तीन गुलाम आहेत हे ओळखल्यावर शहाणा माणूस काय करील? पानं टाकून देईल. फुवा दुप्पट टाकून "दाखव" म्हणत, कारण गुलाम खरोखरचे निघाले हे चारचौघांनी पाहिल्याशिवाय ओळखल्याचा आनंद त्यांच्या अंगी लागत नसे. आमच्या लहानपणी डाव पैशांचा असायचा. एका आखाजीला गावातल्या किराणा दुकानदारापुढे फुवांचे पैसे संपले, तेव्हा त्यांनी आमच्या आजोबांनी लग्नात दिलेलं घड्याळ मनगटावरून काढून राशीवर ठेवलं आणि म्हणाले, "शेठ, तुनाजोडे तीन गुलाम शेतस. दाखव." शेठने तीन गुलाम दाखवले आणि घड्याळ उचललं. फुवा उठून नाचायचेच बाकी राहिले. ते दिवसभर रिकामं मनगट वर करून गावभर हिंडले, "दखा, मी सांगं व्हतं का नही?" घड्याळ हरल्याचं दुःख आमच्या आजोबांना झालं, फुईला झालं, मला वाटतं शेठलाही थोडं झालं, फुवांना मात्र मुळीच झालं नाही.

त्याच संध्याकाळी फुईने कायदा केला. या ओट्यावर पैसा चालणार नाही, चीजवस्तू चालणार नाही, खेळायचं तर भुईमुगाच्या शेंगांवर खेळा. आणि सण संपला की सगळ्या शेंगा माझ्या, मी त्यांची चटणी करीन. फुई हातात लाटणं घेऊन बोलत होती म्हणून कायदा एकमताने मंजूर झाला. आता शेंगा कोण मोजत बसणार? म्हणून चाल मुठीने टाकायची असं ठरलं. एक चाल म्हणजे एक मूठ. आणि इथे फुवांचं नशीब उघडलं. पैशाची नोट सगळ्यांच्या हातात सारखीच असते, पण मूठ ज्याची त्याची. फुवा म्हणत, नोटेत माणूस लपतो, शेंगांत उघडा पडतो.

मुठीवरून त्यांनी मोठं शास्त्र रचलं होतं आणि विचारलं नाही तरी ते सांगत. ज्याच्या मुठीतून शेंगा सांडतात, त्याच्या पानांत काही नाही. तो तुम्हाला भिववतोय. मूठ आधी लहान टाकून मग "राहिल्या वाटतं" म्हणत डाव्या हाताने आणखी एक-दोन शेंगा टाकणारा पक्का. त्याच्याकडे चांगली पानं आहेत आणि तुम्ही पळून जाल याची त्याला धास्ती आहे. मूठ राशीवर नेऊन क्षणभर थांबवणाऱ्याकडे जोडी आहे, पण लहान. आमच्या गावचे गुरुजी मुठीतल्या शेंगा नजरेने मोजून एखादी परत काढून घेत. एकदा फुवा त्यांना म्हणाले, "गुरुजी, घरमा पाहुना येल शेतस आणि जाई नही राह्यनात." गुरुजींनी चपापून इकडेतिकडे पाहिलं, कारण त्यांचा मेहुणा सहकुटुंब येऊन बसला होता. शेठ मूठ उघडण्याआधी तळहातावर तोलून बघे. ती सवय त्याची दुकानातली, पण भारी पानं असली की तो तोलायला विसरे, हे फुवांनी हेरलं होतं.

एवढं सगळं कळणाऱ्या माणसाला स्वतःची पानं मात्र लपवता येत नसत. चांगली पानं आली की फुवा एकदम मायाळू होत. "तुनी म्हैस कशी शे रे आते? दूध देस का?" असं त्यांनी कोणाला विचारलं की सगळी मंडळी पानं टाकून मोकळी. पानं वाईट असली की ते खाली मान घालून टोपी सारखी करत. गावातल्या शेंबड्या पोरांनाही हे ठाऊक होतं, पण फुवांना कोणी सांगत नसे. उगीच सणासुदीला कशाला कोणाचं मन मोडा.

आखाजी संपली तरी शास्त्र चालूच राही. लग्नाच्या पंगतीत तूप वाढणाऱ्याच्या हाताकडे बघून ते सांगत की यजमानाची ऐपत सरली आहे, आता भात आवरता घ्या. निवडणुकीत कोणाच्या जीपला जास्त भोंगे, यावरून कोण पडणार ते सांगत. एकदा त्यांना ताप भरला म्हणून मी त्यांना धुळ्याला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी तपासून पाच इंजेक्शनं आणि तीन रंगांच्या गोळ्या लिहून दिल्या. फुवा बाहेर येऊन म्हणाले, "चाल घर. याले रोग समजना नही. समजता तं एकच सुई सांगता." ताप दोन दिवसांनी आपोआप उतरला, डॉक्टर चुकले की नशीब बरं होतं हे मला आजही सांगता येणार नाही. माझ्या बी.ए.च्या शेवटच्या परीक्षेला निघालो तेव्हा ते योगायोगाने आमच्याकडे होते. मी खिशात चार पेनं लावली होती. फुवा म्हणाले, "चार? मंग अभ्यास व्हयेल नही." मला इतका राग आला की सांगता सोय नाही. मी दुसऱ्या वर्गात पास झालो आणि निकालाचं वर्तमानपत्र त्यांच्या नाकासमोर धरलं. त्यांनी ते उलटसुलट पाहून शांतपणे विचारलं, "दुसराच का?" तेव्हापासून ते मला नावाने हाक मारीनासे झाले. "काय रे बीए," म्हणत. इतरांनी म्हटलं असतं तर मी टोमणा समजलो असतो. फुवांच्या तोंडी ती हाक मला आवडत असे.

आता मुख्य गोष्ट. मी जळगावला नोकरीला लागलो, तिथेच मेहरूण भागात खोली घेतली, आणि घरात माझ्या धाकट्या बहिणीच्या, सुमनच्या लग्नाचं निघालं. आमच्या वडिलांना, म्हणजे नानांना, मुलगा कसा ओळखावा याची मोठी धास्ती. कारण असं घडलं होतं की पूर्वी चुलत बहिणीच्या वेळी फुवांनी होणाऱ्या नवऱ्याला डावात बसवलं होतं आणि त्याची सांडती मूठ बघून "याना काही खरं नही" म्हणून सांगितलं होतं. कोणी ऐकलं नाही. लग्नानंतर कळलं, त्याची जी नोकरी सांगितली होती ती त्याच्या मित्राची होती. झालं. त्या दिवसापासून नाना फुवांच्या शब्दाबाहेर पाऊल टाकीनात. सुमनला बघून पसंत केलेली स्थळं आखाजीच्या डावावर बसवली जाऊ लागली. पहिला मुलगा पानं न बघताच मुठीवर मुठी टाकत गेला. फुवा म्हणाले, हा संसारही डोळे मिटून करील. दुसरा प्रत्येक वेळी पानं टाकून देई; फुवा म्हणाले, याच्या घरी चोर आला तर हाच आधी पळेल. दोन आखाज्या गेल्या, दोन्ही स्थळं गेली. सुमन बारावी झालेली, तोंडाची फटकळ, पण नानांपुढे बोलायची नाही. मला मात्र एकदा म्हणाली, "भाऊ, लोकांच्या पोरींची पत्रिका जुळत नाही. माझी पत्त्यांतच अडकली."

मग मधुकर आला. यावलकडचं शेतकरी घराणं, मुलगा दीपनगरच्या कोळशावरच्या वीजकेंद्रात पाळीवर कामाला, राहायला तिथलंच क्वार्टर. बघण्याच्या कार्यक्रमात सगळे मुलीला विचारतात, स्वयंपाक येतो का, विणकाम येतं का. मधुकरने चहाचा कप खाली ठेवला आणि एकच प्रश्न विचारला. "आमच्याकडे राख उडते. धुतलेले कपडे वाळत घातले की करडे होतात. दारं-खिडक्या लावल्या तरी ताटात येते. चालेल का?" त्याच्या आईने कपाळाला हात लावला. सुमन आत आली आणि मला म्हणाली, "भाऊ, हा पहिला माणूस, ज्यानं वाईट होतं ते आधी सांगितलं. मला हाच पाहिजे. तेवढं फुवांचं बघ." मी मान हलवली. पण फुवांचं मी काय बघणार? आखाजी आठवड्यावर आली होती आणि नानांनी मधुकरला निरोप धाडला होता, सणाला या, जरा डाव टाकू.

तो आला. पांढरा सदरा, केस नीट विंचरलेले, हातात यावलच्या बागेतल्या केळ्यांचा लहानसा घड. ओट्यावर फुवा, नाना, शेठ, गुरुजी आणि मी. अंगणात निंबाला झोका, झोक्यावर सुमन आणि तिच्या मैत्रिणी. गाणं चालू, पण सगळ्यांचे कान ओट्याकडे. पानं वाटली. मधुकरने आपली पानं पाहिली, खाली ठेवली, शेंगांच्या ढिगात हात घातला, मूठ भरली आणि राशीवर टाकली. एक शेंग सांडली नाही, एक मागे राहिली नाही. पुढच्या फेरीला तीच मूठ. पुढच्या डावाला तीच मूठ. जणू वाटीने मापून टाकत होता. हात राशीवर थांबत नव्हता, लगबगीने मागेही येत नव्हता. चेहरा तर असा, की बस कधी येते हे बघत उभा असलेला माणूस त्याच्यापेक्षा उत्सुक दिसावा.

फुवा आधी मजेत होते. हळूहळू त्यांचं बोलणं थांबलं. मग त्यांनी जागा बदलली, मधुकरच्या अगदी समोर येऊन बसले. त्याला पाणी दिलं, सुपारी दिली, दीपनगरला उन्हाळा कसा आहे विचारलं. "गरम आहे," मधुकर म्हणाला. मूठ तीच. शेवटी एका डावात दोघेच उरले. फुवांनी दुप्पट टाकली आणि जाहीर केलं, "जोडी शे. लहान जोडी. दाखव."

मधुकरने पानं उलटली. सत्ती, चौकी आणि एक गुलाम. जोडी नाही, काही नाही. फुवांकडे दश्शीची जोडी होती, म्हणजे रास फुवांची झाली. रास जिंकलेला इतका दुःखी माणूस मी त्यापूर्वी पाहिला नव्हता. शेठ म्हणाला, "फुवा, उचला ना, जिंकलात." फुवा त्या शेंगांकडे परक्यासारखे बघत राहिले.

पुन्हा डाव, पुन्हा दोघे. या वेळी फुवांनी बराच वेळ मधुकरच्या मुठीकडे पाहिलं, तिची उंची पाहिली, बोटांची ठेवण पाहिली आणि दुप्पट टाकून म्हणाले, "आते काहीच नही. दाखव." मधुकरने दाखवलं. तीन नव्व्या.

गुरुजींनी खाकरून दुसरीकडे पाहिलं. झोक्यावरचं गाणं मधेच थांबलं. फुवा उठले, टोपी सारखी केली आणि "जेवाले चाला," म्हणाले.

जेवायला आमरस होता, सांजोऱ्या होत्या, कुरडया होत्या. फुवा आमरसाच्या वाटीशी बोट लावून बसले होते. फुईने वाढायला आणलेली पळी तशीच परत नेली आणि आत जाऊन माझ्या आईला म्हणाली, "वैनी, आज काही खरं नही." जेवणं झाली, मधुकर ओट्यावर हात पुसत बसला, आणि फुवांनी नानांना आतल्या खोलीत बोलावलं. मी मागोमाग गेलो. सुमन दाराआड उभी होती हे मला दिसत होतं. फुवांना दिसत नव्हतं, किंवा दिसलं तरी त्यांची नजर आज माणसांवर ठरत नव्हती.

"नाना," फुवा म्हणाले, "या पोऱ्याले आंडेर देवानी नही."

आंडेर म्हणजे मुलगी. नाना मटकन खाटेवर बसले. "का हो दाजी? काय दिसनं?"

"काहीच दिसनं नही. तेच तं सांगी राह्यनू. चांगली पानं, तेवढीच मूठ. खराब पानं, तेवढीच मूठ. मले याना थांगच लागत नही. ज्याना थांग लागत नही त्याना घरमा पोरगी कसाले लोटवी?"

मला राहवलं नाही. मी म्हणालो, "फुवा, चांगल्या-वाईटात सारखं राहणं हा तर गुण आहे." आणि त्यावर बरंच काही बोललो, तत्त्वज्ञान हा माझा एक विषय होता. फुवांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "व्हई, बीए. गुण व्हई. पन मले कयना नही ना."

एवढ्यात फुई परात घेऊन आली. डावातल्या शेंगा तिने सोलायला घेतल्या होत्या. ती नेहमीच्या आवाजात, म्हणजे अंगणापर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणाली, "तुम्हनं डोकं फिरनं का? अहो, तुम्ही सगळा बाप्ये भरेल शेंगा आपलाजोडे ठेवतस आणि पोचट राशीमा टाकतस. मी इतला वरीस सोली राह्यनू, मले माहीत नही का? त्या पोऱ्यासमोरना ढीग दखा. पोचट बठ्ठ्या त्यानाजोडेच राह्यन्यात. भरेल त्यानी टाक्यात." नानांनी झटकन मान खाली घातली. मीही घातली. आम्ही सगळेच पोचट शेंगा टाकून भरल्या राखणाऱ्यांतले.

मला वाटलं, सुटलो. फुवांचा चेहरा आणखी उतरला. "तेच तं!" ते म्हणाले. "मानूस म्हंजे एक तरी पोचट टाकस. हा टाकत नही. मंग हा शे तरी कोन?"

यावर फुई पुन्हा शेंगा सोलू लागली. नानांनी बहिणीकडे पाहिलं, मेव्हण्याकडे पाहिलं, आणि कोणाकडेच नीट पाहिलं नाही. मग ते उठले आणि मला हळूच म्हणाले, "त्याले बसवर पोचाडी दे. पत्र लिहीन सांग." आमच्याकडे "पत्र लिहीन" म्हणजे नाही. दाराआडची सुमन मागच्या अंगणात निघून गेली. तिने मागे वळून पाहिलं नाही, आणि मला ते बघण्यापेक्षा तिने रडून घेतलं असतं तर बरं वाटलं असतं.

फाट्यावर आम्ही चौघे गेलो. मधुकर, मी, नाना, आणि कोणी बोलावलं नसताना फुवा. मधुकरला काय घडलंय ते कळलं असावं. ऊन कलत होतं आणि अमळनेरकडून येणाऱ्या बसची धूळ लांबवर दिसायला लागली. फुवा त्याच्याभोवती एक फेरी मारून आले. मग एकदम त्याचा उजवा हात धरून म्हणाले, "पानं चांगली तरी तेवढीच, खराब तरी तेवढीच. कसाले? खरं सांग."

मधुकरने आपल्या हाताकडे पाहिलं. "माझ्या मुठीत तेवढ्याच मावतात, फुवा."

फुवांनी तो तळहात उघडला, मिटला, पुन्हा उघडला. "आते हा खरं बोली राह्यना का खोटं, तेबी मले कयत नही," ते नानांना म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत जवळजवळ पाणी होतं. बस आली. मधुकरने वाकून नानांना नमस्कार केला, मग फुवांना. पायरीवर एक पाय ठेवला.

"थांब," फुवा म्हणाले. "पुढला आखाजीले येशी का? डावले?"

मधुकर पायरीवरूनच म्हणाला, "जावई केलंत तर येईन. नाहीतर कशाला येऊ?"

कंडक्टर ओरडला, "चढायचं आहे का उतरायचं आहे?" फुवा एकदा मधुकरकडे आणि एकदा त्या रस्त्याकडे बघत होते, जिथून हा मुलगा जाणार होता आणि त्याची ती न कळलेली मूठ घेऊन कायमचा जाणार होता. मी त्यांचा चेहरा बघत होतो. ज्या माणसाने तीन गुलाम बघायला मनगटावरचं घड्याळ दिलं, तो काय करणार हे त्या क्षणी मला कळलं. माझ्या आयुष्यात मी कोणाला वाचलं असेल तर ते तेव्हा.

"नाना," फुवा म्हणाले, "दे पोरगी. नही तं मी मरस तव्हलोंग इचार करत बठसू, का त्या मुठमा काय व्हतं."

नाना रस्त्याच्या कडेच्या मैलाच्या दगडावर बसले. पंचाने तोंड पुसत ते नुसते मधुकरकडे हात हलवत होते, जा, जा, ठरलं, जा. बस गेली. मी घरी चालत आलो नाही, पळत आलो, बी.ए. झालेल्या माणसाने सणाच्या दिवशी गावातून पळू नये हे माहीत असूनही. सुमन झोक्यावर एकटी बसली होती, झोका उभाच. मी धापा टाकत म्हणालो, "फुवांनी 'दाखव' म्हटलं." तिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग तिने पायाने जमीन मागे लोटली आणि झोका वर गेला. फुई दारातून ओरडली, "दोर जुना शे, बाई!" पण तिचा आवाज त्या दिवसापुरता कसा कोण जाणे, मऊ होता.

लग्न पाऊस लागायच्या आत झालं. सुमन दीपनगरला करड्या कपड्यांत सुखाने राहते. पहिल्याच वर्षी तिने मला सांगितलं, "भाऊ, त्यांना पत्ते येतच नाहीत रे. एक्का मोठा का राजा मोठा, हे अजून विचारतात. ते तर तुमच्यात बसायला मिळतं म्हणून खेळतात." मी पोट धरून हसलो. मग तिला म्हणालो, हे फुवांना सांगू नको. तीही म्हणाली, वेडा आहेस का, मी कशाला सांगू?

त्यामुळे मधुकर दर आखाजीला येत राहिला, जावयाचा रिवाज मोडून, आणि त्याच्या रूपाने आमच्याकडे सणाला येणारे जावई दोन झाले. फुवा त्याच्यासमोर बसत. कधी म्हणत जोडी, कधी म्हणत काही नाही, आणि बहुतेक वेळा चुकत. पण आता ते चुकले तरी जेवत. गावात दूरदर्शन आलं, ओट्यावरची मंडळी एकेक करून पडद्यासमोर गेली, गुरुजी बदलीवर गेले, शेठ वारला. फुवांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. मूठ केवढी हे त्यांना दिसेनासं झालं, तेव्हा ते ती हाताने चाचपून बघत आणि मधुकर त्यांना बघू देई.

शेवटच्या आखाजीला ते आमच्या आतल्या खोलीत खाटेवर पडून होते. बाहेर झोक्यावर सुमनची मुलगी आणि तिच्या मैत्रिणी होत्या. मी जवळ बसलो होतो. ते हळूच म्हणाले, "बीए, तू इतला शिकेल शे. एक सांग. त्या पोऱ्यानी चाल तुले तरी कयनी का रे?"

मी म्हणालो, "नाही फुवा. मलासुद्धा नाही कळली."

त्यांनी डोळे मिटले आणि मोठा श्वास सोडला.

"मंग ठीक शे. मले वाटनं, मीच म्हातारा व्हई गवू."